थायलंडची शाळा म्हणते, 'टुरिस्ट व्हिसावर या, बाकी इथे बघू.' इंग्रजी शिकवायला जावं का?

असं जाऊ नका. पर्यटक म्हणून आत शिरून एक तासही शिकवलात तर ते बेकायदा काम ठरतं. दंड आणि हकालपट्टी तुमच्या वाट्याला येते. शाळेकडून कागद मागवा आणि इथूनच 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा काढा. तो साधारण ९० दिवसांचा असतो. तेवढ्यात तिथे वर्क परमिट काढून मुदत वाढवून घ्यायची.

शिक्षक परवाना किंवा त्यातून तात्पुरती सूट 'खुरुसपा' ही थायलंडची शिक्षक परिषद देते (शब्द मूळचा आपलाच, गुरुसभा!). त्यासाठी पदवी लागते. आपली मातृभाषा इंग्रजी नसल्यामुळे बहुधा टोइक (TOEIC) या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअरही मागतात. पदवीच्या साक्षांकनाला वेळ लागतो, ते आजच सुरू करा. आणि मूळ पासपोर्ट शाळेच्या ताब्यात ठेवू नका.