व्लाखांचा पहिला उल्लेख शोधताना

व्लाख म्हणजे बाल्कनमधले, लॅटिनपासून आलेली भाषा बोलणारे लोक. त्यांचा शोध 976 पासून सुरू करा. कास्तोरिया आणि प्रेस्पा यांच्या दरम्यान बल्गेरियाचा शासक सॅम्युएल याचा भाऊ डेव्हिड याला वाटेवरच्या व्लाखांनी ठार मारलं, असं बायझंटाइन इतिहासकार स्कायलित्झेस सांगतो. पण तो लिहितोय जवळजवळ शंभर वर्षांनी! म्हणून वहीत घटनेचं साल आणि लिखाणाचं साल वेगळ्या रकान्यांत टिपा. ही सवय आत्ताच लावून घ्या. बायझंटाइन सम्राट दुसरा बासिल याच्या 1020 च्या सनदेत व्लाख ओह्रिदच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत दिसतात.

अकराव्या शतकातला बायझंटाइन लेखक केकाउमेनोस मात्र सावकाश वाचा. 1066 च्या थेसलीतल्या व्लाखांच्या बंडात त्याचा नातेवाईक निकुलित्झास ओढला गेला होता, त्यामुळे व्लाखांवरचा त्याचा राग पानोपानी जाणवतो. तपशील घ्या, दूषणं बाजूला ठेवा. सहाव्या शतकातली ‘तोर्ना, तोर्ना’ (‘मागे फिर’) ही लॅटिन वळणाची सैनिकी हाक कितीही मोहात पाडो, पहिला उल्लेख म्हणून धरू नका. तिथे व्लाखांचं नावच नाही.