टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला एल्रॉन्ड पूर्ण एल्फ (अमर वंशातला) आहे का? आणि अ‍ॅरागॉर्न त्याच्या भावाच्या वंशातला, तर मग एल्रॉन्डची मुलगी आर्वेन ही अ‍ॅरागॉर्नची चुलत बहीणच झाली ना?

पूर्ण एल्फ नाही, अर्ध-एल्फ. आणि आर्वेन नात्याने चुलतच, पण मधे साठाहून जास्त पिढ्या आहेत. टॉल्किनच्या वंशावळी घेऊन हिशेब मांडा: एल्रॉन्डचे वडील एअरेन्दिल हा तुओर (माणूस) आणि इद्रिल (एल्फ) यांचा मुलगा, म्हणजे निम्मा-निम्मा. आई एल्विंग ही बेरेन-लुथिएनची नात. लुथिएनची आई मेलियान मात्र मायार, म्हणजे देवगणांतली. ती धरायची राहिली की बेरीज हमखास चुकते. एल्रॉन्डमध्ये १६ पैकी ९ हिस्से एल्फ, ६ माणूस, १ मायार.

पण तो एल्फ ठरतो तो या अपूर्णांकांमुळे नव्हे. जुळा भाऊ एल्रॉस, रक्त तेच. एल्फ व्हायचं की माणूस, अशी दोघांना निवड दिली गेली. एल्रॉसने माणूस होणं पत्करलं, नूमेनोर या बेटावरच्या राज्याचा पहिला राजा झाला आणि ५०० वर्षं जगून वारला. एल्रॉन्ड अमर राहिला, त्यामुळे त्याच्या बाजूला एकच पिढी: मुलगी आर्वेन, म्हणजे एल्रॉसची सख्खी पुतणी. अ‍ॅरागॉर्न त्याच एल्रॉसच्या वंशातला. त्या वंशातल्या नंतरच्या इसिल्दूर राजापासून मोजलं तरी तो ३९वा वारस.

एक लक्षात ठेवा: हीच निवड एल्रॉन्डच्या मुलांनाही होती, म्हणून आर्वेनला मर्त्य होता आलं. प्रत्येक एल्फला ती सोय नाही. गॅलाड्रिएल ही आर्वेनची आजी, पण आईकडून. अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेनचं हे चुलत नातं तिच्याकडून येत नाही.