पिट लेनमधून : आधीच्या वळणात थोडं सोडा

प्रश्न : माझं वय २४. तीन वर्षांपासून ३९० सीसीची गाडी चालवतो. घाटात माझा हात चांगला बसलाय असं मित्र म्हणतात. येत्या जानेवारीत चेन्नईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पहिल्यांदाच ट्रॅक डे (पैसे भरून आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) करणार आहे. तो ट्रॅक 'टेक्निकल' आहे असं जो तो सांगतो. म्हणजे नेमकं काय? आणि न पडता दिवस कसा पार पाडायचा? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अरे-तुरेच करतो, कारण तुझं पत्र वाचताना मला २०१२ सालचा मीच दिसलो. मीही खंबाटकी आणि ताम्हिणी पालथे घातले होते आणि तेवढ्या भांडवलावर याच ट्रॅकवर उतरलो होतो.

सर्किट ३.७ किलोमीटरचं आहे, वळणं १२. सी-वन, सी-टू अशा नावांनीच सगळे ती ओळखतात. मोठ्या सरळ पट्ट्यानंतर येणारं सी-वन हे वेगवान उजवं वळण, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव असतं. पण ट्रॅक टेक्निकल असतो तो एखाद्या भीतीदायक वळणामुळे नाही. जिथे वळणं सुटी सुटी घेता येत नाहीत, एकाची चूक दुसऱ्यात फेडावी लागते, तो टेक्निकल ट्रॅक.

समज, आधी उजवं वळण आहे आणि त्याला लागूनच डावं. उजव्यातून जोरात बाहेर पडलास की गाडी आपोआप ट्रॅकच्या डाव्या कडेला जाते. पण पुढचं डावं नीट घ्यायचं तर तू उजव्या कडेला असायला हवास. म्हणजे कड चुकलेली, वेग जास्त आणि वळण तोंडावर. तिथून पुढे जे करशील ते उशिराच होणार. म्हणून अशा जोडीत पहिल्या वळणाला वेग आधीच उतरवायचा, गाडी जरा उशिरा आत वळवायची आणि बाहेर पडताना मुद्दाम उजवीकडेच राहायचं. पहिल्या वळणात वेळ जातो, तो जाऊ दे. दुसऱ्यातून गाडी लवकर सरळ उभी राहते आणि थ्रॉटल निर्धास्त उघडता येतो. मला तुला एकच गोष्ट सांगायची असती तर हीच सांगितली असती : कुठल्याही वळणातला तुझा वेग त्याच्या पुढच्या वळणाला विचारून ठरव.

आता घाटाचं. घाटात आपण डाव्या बाजूने चालतो. डावं वळण आलं की आपण आधीच डाव्या कडेला चिकटलेले असतो, कारण उजवीकडे सरकलो तर समोरून ट्रक यायचा. ही सवय मोलाची आहे, ती मोडू नकोस. पण ट्रॅकवर डाव्या वळणाआधी पार उजव्या कडेपर्यंत जायचं असतं आणि मन जाऊच देत नाही. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टरने मला कडेला खुणेसाठी ठेवलेला प्लास्टिकचा शंकू दाखवला आणि म्हणाले, "हात लांबवला तर लागेल इतकं जवळ जा." मी गेलो. म्हणजे गेलो असं मला वाटलं. दुपारी त्यांनी मागून घेतलेला व्हिडिओ दाखवला, तर प्रत्येक फेरीला मी ट्रॅकच्या मधोमध होतो. शंकू माझ्यापासून पाच-सहा फुटांवर. डोळ्यांवर विश्वास बसेना. तुझंही असंच होईल. मागून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांग आणि गाडी कुठल्या कडेला आहे तेवढंच त्यात बघ.

मी पडलो ते २०१४ मध्ये, जेवणानंतरच्या दुसऱ्या सेशनला, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या पाळीला. अशाच उजव्या-डाव्या जोडीत. पुढच्या गाडीच्या मागे लागून उजवं वळण नेहमीपेक्षा जोरात घेतलं, डाव्या कडेला फेकला गेलो, आणि नजर गेली ती समोरच्या गवतावर. जिथे नजर तिथे गाडी. गाडी कललेली असतानाच पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक निसटलं. डावी कॉलरबोन मोडली, सहा आठवडे हात गळ्यात. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मी अर्धा सेकंद गवताकडे बघितलं असेन, तेवढ्यात १६ मीटर गेले. गवताऐवजी वळणाच्या आत, जिथे जायचंय तिथे बघितलं असतं आणि गाडी आणखी थोडी कलवली असती, तर टायरमध्ये तेवढी पकड होती. मागून येणाऱ्या इन्स्ट्रक्टरचंही हेच म्हणणं पडलं.

तेव्हा पहिलं सेशन असं कर. एकच गिअर, बहुतेक तिसरा, आणि ब्रेकला जवळपास हातच लावायचा नाही. वेग आपोआप कमी राहतो आणि डोळे मोकळे होतात. त्यात फक्त खुणा गोळा कर : ब्रेक कुठे मारायचा, गाडी कुठे वळवायची, आतल्या कडेला कुठे भिडायचं. खुणा हलणाऱ्या नकोत. डांबराचा जोड, ट्रॅकच्या कडेच्या रंगीत कर्बची सुरुवात, झेंडे दाखवणाऱ्या मार्शलची चौकी या चांगल्या. सावली नको, दुपारपर्यंत ती सरकते. दुसऱ्या सेशनपासून ब्रेक घे, पण ठरवलेल्या खुणेच्या एक खूण आधी. उरलेलं अंतर कमी करायला अख्खा दिवस आहे.

वळणात गुडघा डांबराला टेकवायच्या मागे लागू नकोस. फोटोसाठी लोक अर्धं शरीर बाहेर काढतात आणि हँडलला लोंबकळतात. बाहेरच्या बाजूची मांडी टाकीला घट्ट रोवलेली हवी, वजन तिच्यावर आणि पाय ठेवायच्या फूटपेगवर, आणि कोपर इतके सैल की कुणी टिचकी मारली तरी हलावेत. मांडी थकली की हात गाडी धरायला लागतात. त्या क्षणी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, ये, सेशन संपलं नसलं तरी.

झेंडे पाठ कर. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पुढे तेल किंवा निसरडं. लाल दिसला की सेशन थांबलं : हात वर, वेग हळूहळू कमी, आणि पिटकडे. लाल बघून तिथल्या तिथे करकचून ब्रेक मारू नकोस, मागचा तुझ्यावर येईल. काळा झेंडा तुझ्या नंबरसह दाखवला तर तुला बोलावलंय.

आणखी एक. गाडी टेम्पोत टाकून ने. पुण्याजवळच्या कात्रज बायपासवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट त्या सर्किटच्या इरुंगट्टुकोट्टई गावापर्यंत जातो, त्यामुळे चालवत जायचा मोह होतो. मला दरवेळी होतो. पण दोन दिवस खोगीरावर काढून तिसऱ्या सकाळी ट्रॅकवर उतरलास तर मान आणि मनगटं आधीच संपलेली असतात. दक्षिणेतल्या रायडर्सची एक जुनी पिढी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या धावपट्टीवर रेस करायची. हे सर्किट झालं १९९० मध्ये. आपल्याला चांगला ट्रॅक मिळालाय, तर त्यावर ताज्या अंगाने जा.

प्रश्न : ट्रॅक डेच्या नियमांत 'कूलंट काढून साधं पाणी भरा' असं लिहिलंय. गाडी गरम होऊन इंजिन बसणार नाही का? की हा उगाच त्रास आहे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्रास नाही, इतरांच्या हाडांची काळजी आहे. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. गाडी पडली, रेडिएटर फुटला, की ते डांबरावर पसरतं, तेलासारखं निसरडं होतं आणि पुसूनही लवकर जात नाही. पाणी उन्हात वाळून जातं. डिस्टिल्ड पाणी भरा. पाणी उष्णता चांगली वाहून नेतं, गाडी धावत असते तोवर इंजिनाला काही होत नाही. पिटमध्ये मात्र उगाच चालू ठेवून उभी करू नका. घरी आल्यावर पाणी काढून कूलंट न विसरता भरा, नाहीतर आतून गंज धरतो.

कूलंटपेक्षा मला तुमच्या ब्रेक ऑइलची जास्त चिंता आहे. ते हवेतला ओलावा शोषतं. रस्त्यावर कळत नाही, पण ट्रॅकवर दहाव्या फेरीला ते उकळायला लागतं आणि लिव्हर स्पंजासारखा हँडलपर्यंत येतो. मी गॅरेजमध्ये ट्रॅकला जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं ब्रेक ऑइल बदलतोच, मालक काहीही म्हणो. पॅड अर्ध्याच्या खाली असतील तर तेही नवे घाला. टायरची हवा थंड असताना रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवतात, कारण ट्रॅकवर टायर तापला की ती वाढते. किती कमी ते टायरवर अवलंबून, म्हणून तिथल्या टायरवाल्याला विचारा आणि पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा. आरसे काढा, दिव्यांना टेप लावा, साइड स्टँड काढा किंवा पक्का बांधा.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. ट्रॅकवर जायचं म्हणून हट्ट धरून बसलाय. 'रस्त्यापेक्षा ट्रॅक सुरक्षित असतो' असं तो म्हणतो. हे खरं आहे का? मला रात्री झोप लागत नाही.
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, कुत्रं आडवं येत नाही, खड्डा नाही, दुभाजक नाही. सगळे एकाच दिशेला. पडलं तर घसरायला जागा असते आणि ॲम्ब्युलन्स तिथेच उभी असते. पण वेग रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि डांबर कुणाचं वय बघत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या रेसमध्ये १३ वर्षांचा एक गुणी मुलगा गेला. ती रेस होती आणि ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे, तिथे नंबर लागत नाही. तरीही तुमच्यापासून हे लपवणं मला जमणार नाही.

नाही म्हणालात तर तो हाच वेग रात्री हायवेवर काढायचा संभव आहे, आणि तिथे लेदर सूटही नसेल. म्हणून मी म्हणेन, जाऊ द्या, पण अटींवर. पहिली वेळ शिकवणाऱ्या स्कूलसोबत, नुसत्या मोकळ्या ट्रॅक डेला नाही. आयोजकांना तुम्ही स्वतः फोन करा आणि विचारा : सेशन चालू असताना डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स जागेवर असतात का, ॲम्ब्युलन्स जखमीला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत ट्रॅक बंद ठेवता का, नवख्यांचा गट वेगळा आहे का, वळणात ओव्हरटेक करू देता का. चांगला आयोजक ही उत्तरं न अडखळता देतो. विम्याचंही बघा. आपल्या नेहमीच्या गाडीच्या विम्यात रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. वैद्यकीय विम्यातल्या अटी घरच्या सगळ्यांनी मिळून वाचा.

आणि एक काम तुमच्याच हातून व्हावं. त्याला हेल्मेट घालायला लावा, पट्टा बांधू द्या. मग मागे उभ्या राहून हेल्मेटची मागची खालची कड दोन्ही हातांनी धरा आणि पुढच्या बाजूला वर उचला, जोर लावून. हेल्मेट डोक्यावरून निघालं किंवा कपाळावर घरंगळलं, तर ते त्याचं हेल्मेट नाही. मित्राकडून आणलेलं असेल तर बहुतेक निघेलच. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची मी ही परीक्षा घेतो आणि दोघा-तिघांना दारातूनच परत पाठवलंय. रागावतात. पुढच्या महिन्यात योग्य मापाचं घेऊन येतात.

जेवणानंतर थकवा वाटला तर शेवटचं सेशन सोडायचं, हे घरून निघतानाच त्याच्याकडून कबूल करून घ्या. तिथे गेल्यावर पैसे भरलेत म्हणून कुणी सोडत नाही. मी पडलो तेव्हा मीही सोडलं नव्हतं. दिवसभर मिठा-साखरेचं पाणी पीत राहायला सांगा, चेन्नईच्या उकाड्यात लेदरच्या आत घाम कळतही नाही.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे, दोन ट्रॅक डे केलेत. मला मागून येणाऱ्या वेगवान गाड्यांची भीती वाटते. त्यांना वाट द्यायला गेले की माझीच लाइन, म्हणजे वळणातून जायचा ठरलेला मार्ग, बिघडते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मग वाट देऊ नका. ओव्हरटेक नीट करण्याची जबाबदारी मागच्याची असते, तुमची नव्हे. तुम्ही अचानक बाजूला झालात तर त्याने तुमच्यासाठी आखलेला अंदाज चुकतो, आणि धडक होते ती इथेच. फेरीमागून फेरी त्याच लाइनवर राहा, मागे वळून बघू नका.

गर्दीत सापडल्यासारखं वाटलं तर पिट लेनमधून हळू जाऊन मार्शलच्या खुणेने पुन्हा ट्रॅकवर या. पुढे-मागे मोकळी जागा मिळते आणि दोन-तीन फेऱ्या आपल्या आपल्याला करता येतात. फक्त पिटकडे वळताना आधी डावा हात वर करा, सरळ आणि उंच, मागच्याला दिसला पाहिजे. तो वर गेल्यावरच थ्रॉटल सोडा.