तळपण की तालपोना, आधी हे ठरवा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. दक्षिण गोव्यात काणकोणातलं तुमचं युवक मंडळ, तळपण नदीचं नाव एखाद्या युद्धनौकेला मिळावं म्हणून केलेला अर्ज, आठ महिने एका कचेरीत पडून असलेली फाईल, आणि शेवटी तुमचा प्रश्न : नौदल नाव निवडतं तरी कसं, आणि आम्ही नेमकं कुणाला लिहायचं? नदी तेवढी बदला, ही माझीच गोष्ट आहे.

मी सत्तरी तालुक्यातला, निवृत्त शिक्षक. नौदलात मी नव्हतो, थोरला भाऊ सिग्नल शाखेत होता. खाली लिहितोय त्यातलं निम्मं त्याच्याकडून ऐकलेलं, बाकीचं माझं मत. नौदलातल्या सदस्यांना कुठे चूक दिसली तर त्यांनी जरूर दुरुस्त करावी. अर्ज कसा लिहावा, सह्या कशा गोळा कराव्यात हे तुम्ही केलेलंच आहे, त्यात मी पडत नाही.

२००५ साली आम्ही आठ-दहा जणांनी ठरवलं की मांडवीच्या नावाची युद्धनौका हवी. घरोघर फिरलो, सह्या घेतल्या आणि सगळं बाड राज्यातल्या एका खात्यात नेऊन दिलं. खात्याचं नाव लिहीत नाही. तिथे पहिल्यांदा ग्रामसभेचा ठराव मागितला. तो दिला. मग शेजारच्या पंचायतींचेही हवेत म्हणाले. तेही आणले. मग सहा महिन्यांनी शेरा आला की ठरावातलं इंग्रजी स्पेलिंग आणि अर्जातलं स्पेलिंग जुळत नाही, एकात ओ आहे, दुसऱ्यात ए. म्हणून परत ग्रामसभा. वाळपईहून पणजीला कदंब बसने किती खेपा घातल्या त्याची मोजदाद नाही. साहेब जाग्यावर नाहीत, फाईल वर गेलीय, पुढच्या आठवड्यात या. अडीच वर्षांनी एका ओळीचं पत्र आलं : 'सदर विषय या खात्याच्या कक्षेत येत नाही.' ही ओळ पहिल्या दिवशी, आवक शिक्का मारतानाच सांगता आली असती. आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ दर महिन्याला विचारायचे, 'झालं काय रे आपल्या बोटीचं?' पत्र यायच्या आधीच ते गेले. त्या खात्याला मी आजही माफ केलेलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट : तुमची फाईल तिथून सुटायची वाट बघू नका. नावं ठरतात दिल्लीला, नौदल मुख्यालयात. तिथे अंतर्गत नामकरण समिती आहे. धोरण आणि नियोजन पाहणारे सहायक नौदल प्रमुख तिचे अध्यक्ष असतात, आणि संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाचाही माणूस तिच्यात बसतो. त्यांना थेट एका पानाचं पत्र लिहा. दहा ठराव जोडू नका.

पण खात्यापेक्षा मोठी चूक आमची होती. पत्र आल्यावर भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'अरे, मांडवी नाव नौदलाकडे आहेच! बेती-वेरेचा तळ म्हणजे आयएनएस मांडवी.' आम्ही त्याला कायम 'अकॅडमी' म्हणत आलो, त्यामुळे लक्षातच आलं नाही. आयएनएस म्हणजे 'इंडियन नेव्हल शिप', पण किनाऱ्यावरचे तळही आयएनएसच असतात. दाबोळीचा हंसा, वास्कोचा गोमंतक तसाच. चालू असलेलं नाव दुसरीकडे देत नाहीत. तेव्हा पत्र पाठवण्याआधी नौका आणि तळ, दोन्ही तपासा.

आणि खरं सांगायचं तर मांडवी हे आमचं नावही नव्हतं. सत्तरीत नदीला म्हादई म्हणतात. माझी आई, आत्या, शेजारपाजार, कुणाच्या तोंडी मी मांडवी ऐकलं नाही, ती खाली पणजीकडची. पहिल्याच बैठकीत एकाने म्हादई सुचवलं होतं. मीच मोडता घातला. 'म्ह' बाहेरच्यांना जमणार नाही, नाव खेडवळ वाटेल, नकाशावरचं नाव बरं, असं मी शिक्षक म्हणून ठासून सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. २००९च्या फेब्रुवारीत दिवाडीला बांधलेली नौदलाची शिडाची नौका दाखल झाली. तिचं नाव म्हादई! आमच्या अर्जाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. त्याच नौकेवरून कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, आणि २०१३ साली अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. आमच्या घरातला शब्द दोनदा जगाभोवती गेला, आणि तो मी माझ्या हाताने कागदावरून खोडला होता.

तुम्ही अर्जात 'तालपोना' लिहिलंय म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतोय. ते पोर्तुगिजांनी लिहिलेलं रूप. तुमच्याकडे तळपण म्हणतात ना? मग तेच लिहा. मुरगावच्या बाबतीत हेच झालं. १८ डिसेंबर २०२२ रोजी एवढी मोठी विनाशिका दाखल झाली, गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी. मला तर भरून आलं होतं. पण हिंदी बातम्यांत सगळीकडे 'मोरमुगाओ'. तालुका मुरगाव, बंदर मुरगाव, लोक मुरगावकर, आणि नौकेवर मात्र पोर्तुगीज कागदातलं नाव. माझं ठाम मत आहे की गावाचं नाव घ्यायचं तर गावातला माणूस उच्चारतो तसंच घ्यावं.

आता 'त'चा मुद्दा. तुम्ही म्हणता, वास्कोत 'त'ने सुरू होणाऱ्या नौका बांधल्या जातात, त्रिपुट २०२४च्या जुलैत पाण्यात उतरली, तवस्या २०२५च्या मार्चमध्ये, मग तळपण सहज बसेल. नाही बसणार. अक्षराच्या आधी कूळ बघतात. तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तर्कश ही सगळी शस्त्रांची आणि युद्धसामग्रीची रांग आहे, तिच्यात नदी येत नाही. नद्यांची कुळं वेगळी होती : गोदावरी, गंगा, गोमती आणि नंतर ब्रह्मपुत्रा, बेतवा, ब्यास. विनाशिकांना शहरं आणि बंदरं, निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी या डोंगरांच्या. नदी लहान म्हणून कमीपणा मानू नका, बेतवा काही गंगेएवढी नाही. पण आकाराला साजेशी नौका मागा. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या छोट्या नौकांना माहे, मालवण, मंगरोळ, मालपे, मुल्की अशी किनाऱ्यावरच्या लहान गावांची नावं मिळाली आहेत. ती पूर्वीच्या सुरुंगशोधक नौकांची होती, तीच पुन्हा दिली. जुन्या नावांना पहिला मान, हा नौदलाचा रिवाज मला सर्वांत पटतो. म्हणून पत्रात 'अमुक नौकेला द्या' असं लिहू नका. 'नद्यांच्या किंवा किनारी गावांच्या नावांची नवी मालिका येईल तेव्हा विचार व्हावा' असं लिहा.

रिवाजाबद्दल एक सांगतोच. ९ डिसेंबर १९७१ रोजी आपली युद्धनौका खुकरी दीवजवळ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक प्राणाला मुकले. बुडालेल्या नौकेचं नाव अशुभ म्हणून टाकून देणं सोपं होतं. नौदलाने १९८९ साली नवी खुकरी आणली, ती ३२ वर्षं चालली. भाऊ म्हणायचा, नव्या पोराला पहिल्या दिवशी ती गोष्ट सांगितली की वेगळं काही शिकवावं लागत नाही.

त्याचा आणखी एक आग्रह होता, तो सिग्नलवाल्याचा. रेडिओवर खरखर असते, पलीकडे तामिळ किंवा बंगाली मुलगा असतो, नाव पहिल्या खेपेला कळलं पाहिजे. एका अक्षराची मालिका दिसायला छान, पण तेग-तर्कश-तबरसारखी नावं कानाला वेगळी लागतील याची काळजी घ्यावी लागते. 'ळ'चं काय, असं तुम्हाला कुणी विचारेलच. मी एकदा 'म्ह'ला घाबरलो होतो, तुम्ही 'ळ'ला घाबरू नका.

तुमच्या पोस्टखाली एकाने नदीऐवजी एखाद्या नेत्याचं नाव सुचवलंय. माझा सक्त विरोध. माणसांची नावं तळांना शोभतात, लोणावळ्याला शिवाजी आहे, मुंबईला आंग्रे आहे. तरंगत्या नौकेला माणसाचं नाव दिलं की त्याच्याबद्दलचे वादही तिच्यावर चढतात. अमेरिकेत २०२५ साली हार्वे मिल्क या समलिंगी हक्कांच्या नेत्यावरून ठेवलेलं नौकेचं नाव सरकार बदलल्यावर बदललं. तिच्यावरच्या खलाशांचा त्यात काय दोष? आणि आपल्याकडचंच बघा : १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात पोर्तुगिजांची जी युद्धनौका उभी होती तिचं नाव अफोन्सो द आल्बुकेर्क, १५१०मध्ये गोवा जिंकणाऱ्याचं. तिच्यावर चालून गेल्या त्या बेतवा आणि ब्यास. नद्यांच्या नावावर कुणाला राग धरता येत नाही.

तुमच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, तो पत्रात वापरा. कारवारसमोरचं अंजदीव बेट गोव्याचं आहे. १९६१ला तिथे उतरताना नौदलाचे सात जवान गेले, त्यांचं स्मारक वास्कोला गोमंतक तळावर आहे. त्या बेटाच्या नावाची अंजदीप नौका १९७२पासून २००३पर्यंत होती, आणि त्याच नावाची नवी नौका २०२३च्या जूनमध्ये पाण्यात उतरली. म्हणजे तुमच्या बाजूच्या समुद्रातलं एक नाव नौदलाने दोनदा स्वीकारलंय. तळपण त्याच किनाऱ्यावरची नदी आहे, हे दोन ओळींत मांडा.

नदीच्या मुखाशी जे जुने रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, असतील त्यांच्याकडे एकदा जाऊन बसा. ते नदीला, मुखाला, बांधाला काय म्हणतात ते त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. मग पत्राचा मसुदा इथे टाका, मी बघून देतो. इंग्रजी स्पेलिंग मात्र सगळ्या कागदांवर एकच ठेवा.