वाटपाचा कार्यक्रम घेऊच नकोस

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. शाळेतल्या मुलांना वह्या द्यायच्या आहेत, पण वाटपाचा फोटो नाही तर पैसे नाहीत, असं देणगीदार म्हणतात आणि तू अडकलास. मुलांना रांगेत उभं करायचं नाही. इथे चर्चा नको.

सरकार आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत देतं. वह्यांचं काय? २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच कोरी पानं घातली, २०२५च्या जानेवारीत तो निर्णय फिरवला. आणि तुम्ही सगळे येता जूनमध्ये, फ्लेक्स लावून! जूनमध्ये आईबाप उसनंपासनं करून वह्या घेतातच रे. अडतं जानेवारीत, वही भरते तेव्हा. मग पोरगं पेन्सिलीचं खोडून त्यावरच लिहितं, समासातही लिहितं. तपासायला वही मागितली की म्हणतं, "घरी राहिली." एवढीशी अब्रू, तीही खोटं बोलून राखावी लागते. आमच्या बीडकडे ऊसतोडीहून आईबापांबरोबर परतलेल्या मुलाजवळ तर भरलेली वहीसुद्धा नसते.

म्हणून वह्या वर्गाच्या कपाटात ठेव. भरलेली बाईंना दाखवायची, कोरी न्यायची. सरपंचाच्या नातवानेही तिथूनच न्यायची. 'गरजूंची यादी' हा शब्द पुन्हा लिहू नकोस. ती यादी वाचताना पोरं कशी उठतात ते तू पाहिलेलं नाहीस. आणि आणायच्या आधी विचार तरी! लहानांना मराठीला दुरेघी, इंग्रजीला चौरेघी, गणिताला चौकटीची. दानात मात्र एकरेघीचे गठ्ठे, वर साहेबांचा हसरा चेहरा.

पैसे कमी येतील. येऊ देत. रांग लावायला मी नाही म्हटलं, तेव्हा एका मंडळाने दप्तरांनी भरलेला टेम्पो परत नेला होता. त्या वर्षी पोरं खताच्या पिशवीत पुस्तकं घेऊन आली. गावाने मला हेकट ठरवलं. एका आईने विचारलं, "गुरुजी, तुमचा मान मोठा का पोराचं दप्तर?" मी गप्प बसलो. मान तिच्या पोराचाच होता, हे तिला सांगायला हवं होतं. आजही मी तेच करीन, पण ती पिशवी डोळ्यांपुढून हलत नाही हेही खरं.

देणगीदारांना दुकानाचं बिल दे, मुख्याध्यापकांच्या सहीची पोच दे, शाळेच्या साठा रजिस्टरची नक्कल दे. त्यावर भागेल तो आपला माणूस. बाकीच्यांच्या मागे फिरत बसू नकोस. चौरेघी एकगठ्ठा हवी तर तालुक्याच्या दुकानदाराला दिवाळीपूर्वीच सांगून ठेव, ऐनवेळी तो एकरेघीच गळ्यात मारतो.

तुझा,
गुरुजी