एका स्क्रीनवर दोघांनी लढायचंय? सुरुवात 'कॉम्बॅट'पासून करा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: एकाच कॉम्प्युटरवर दोघांनी शेजारी बसून खेळायला जुना शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, कोणता घ्यावा, आणि दोघांनाही सगळं दिसत असेल तर लढतीत मजा काय उरते? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण गेमची निवड त्यावरच ठरते.

लपायला जागा नसते, हीच तर मजा आहे! या जुन्या गेममध्ये गोळी संथ जाते. ती सुटलेली डोळ्यांना दिसते आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो. त्यामुळे समोरचा आत्ता कुठे आहे यापेक्षा पुढच्या क्षणी कुठे पळेल, हे ओळखून नेम धरावा लागतो. त्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो मुद्दाम हूल देतो. सगळी लढत या अंदाजांची असते.

हे शिकायला १९७७ चा 'कॉम्बॅट' घ्या. टीव्हीला जोडायच्या 'अटारी २६००' या गेम-यंत्रासोबतच आलेला हा गेम कॉम्प्युटरवर 'स्टेला' या मोफत एम्युलेटरमध्ये, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतो. त्यात एकूण २७ प्रकार आहेत, काही रणगाड्यांचे, काही विमानांचे. एक डाव सव्वादोन मिनिटांत आटोपतो, त्यामुळे हरलेला लगेच 'अजून एक' म्हणतो.

रणगाड्यांचे डाव आधी खेळा. तुमचा एक गोळा स्क्रीनवर असेपर्यंत दुसरा सुटत नाही. म्हणजे लांबून घाईने मारलात आणि हुकला, तर तेवढा वेळ तुम्ही रिकाम्या हाताने उभे असता आणि समोरचा थेट अंगावर येतो. काही प्रकारांत गोळा सुटल्यावरही जॉयस्टिकने वळवता येतो, पण त्यासोबत तुमचा रणगाडाही वळतो. गोळा भिंतीवरून उसळणारे प्रकारही आहेत.

मला सगळ्यात आवडतो तो अदृश्य रणगाड्यांचा. गोळा झाडला, मार बसला किंवा अडथळ्याला धडक बसली की रणगाडा क्षणभर दिसतो, एरवी नाही. स्क्रीन एकच असल्यामुळे तुमचा स्वतःचा रणगाडाही तुम्हाला दिसत नाही! आपण किती पुढे आलो, तोंड कुठे आहे, हे मनातच धरून ठेवावं लागतं. हा डाव दोघांनी एकदा तरी खेळाच.

त्यानंतर १९७५ चा 'गन फाइट' पाहा. दोन काऊबॉय, मध्ये निवडुंग, आणि प्रत्येकाला फक्त सहा गोळ्या. शेवटची गोळी कधी खर्च करायची, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि खरी धुमश्चक्री हवी असेल तर 'लिएरो'. १९९८ चा हा फिनलंडचा मोफत गेम. यात स्क्रीन दुभागलेली असते, दोन गांडुळं माती पोखरत फिरतात, दोरी टाकून झोके घेतात, आणि प्रत्येकाकडे निवडलेली पाच हत्यारं असतात. समोरच्याचा अर्धा भाग चोरून बघायला कुणाचीच मनाई नाही, बिनधास्त बघा. आधी 'कॉम्बॅट' खेळला असेल तर इथला गोंधळ चटकन समजेल.

एक काळजी मात्र घ्या. दोघं एकाच कीबोर्डवर खेळत असाल तर बऱ्याच साध्या कीबोर्डवर काही ठरावीक बटणं एकत्र दाबली की त्यातलं एखादं नोंदलंच जात नाही, आणि नेमकी गोळी सुटायच्या वेळी वाद होतो. दोघांनी दिशा आणि फायर एकदम दाबून आधी तपासून घ्या. फायरला कंट्रोल आणि शिफ्टसारखी बटणं लावली तर हा त्रास सहसा कमी होतो. शक्य असेल तर सरळ दोन यूएसबी गेमपॅड जोडा, म्हणजे कोपराला कोपरही लागणार नाही.