घरच्या जुन्या संगणकावर मराठी ब्लॉग लिहिताना रोज उपयोगी पडतील अशा युक्त्या कोणत्या?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर कोथरूडच्या घरी, हळू चालणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर ब्लॉग सुरू केलाय, वडिलांचे लेख श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या फाइलींमध्ये पडून आहेत, आणि कुणी तज्ज्ञ न बोलावता रोज कामी येतील अशा गोष्टी हव्यात. मी गेली बारा वर्षं घरून लिहितोय. शिवाय आमच्या वाड्यातल्या आणि नात्यातल्या सगळ्यांचे संगणक माझ्याचकडे येतात. त्या अनुभवावरून सांगतो.

पुण्यात राहता, म्हणून आधी विजेबद्दल. गुरुवार आपल्याकडे देखभालीचा वार. कधी कळवून जाते, कधी न कळवता. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागची बाजू एकदा टॉर्च लावून बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना तिथे एक छोटा खटका असतो, एकीकडे ‘यूपीएस’ आणि दुसरीकडे ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. पंखे-दिव्यांना दोन्ही चालतं. संगणकाला मात्र यूपीएसच हवं, कारण त्यात लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला इतका कमी वेळ लागतो की संगणक बंद पडत नाही. माझ्या मावशीचा संगणक तीन वर्षं ‘आपोआप रिस्टार्ट’ होत होता. दोनदा विंडोज नव्याने टाकून झालं होतं. दुखणं होतं त्या खटक्यात. इन्व्हर्टर नसेल तर साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात लेख सेव्ह करून संगणक नीट बंद करता येतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, आणि लेझर प्रिंटर त्याला कधीही जोडू नका, तो सुरू होताना ओढतो तेवढा भार छोट्या यूपीएसला झेपत नाही.

एप्रिल-मे महिन्यात वळवाचा गडगडाट ऐकू आला की मी संगणकाचा प्लग काढतो, आणि राउटरमधून आलेली लॅनची वायरही काढतो. ती वायर लोक विसरतात. गच्चीवरून तांब्याची वायर आली असेल तर वीज तिच्यातूनही घरात शिरते. माझ्या एका मदरबोर्डचं लॅन पोर्ट असंच जळलं, प्लग काढलेला असूनही. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण राउटरच्या चार्जरमधून येऊ शकते, म्हणून तोही काढायचा.

आता लिहिलेलं सांभाळण्याबद्दल. याबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

माझे पणजोबा कीर्तनकार होते. त्यांच्या आख्यानांच्या वह्या नारायण पेठेत तळमजल्यावरच्या खोलीत असायच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या खोलीत पाणी शिरलं. भांडी मिळाली, ट्रंका मिळाल्या, वह्यांचा लगदा झाला. एकच आख्यान आज आमच्याकडे आहे, आणि तेही वाईच्या एका शिष्याने आधी स्वतःसाठी उतरवून नेलं होतं म्हणून. संगणकवाले ज्याला ३-२-१ म्हणतात ते हेच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी किंवा लेकीच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. बाहेरची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवली तर संगणकात शिरलेला व्हायरस तिलाही खातो. पेन ड्राइव्हवर एकुलती एक प्रत ठेवू नका. ते नेण्या-आणण्याचं साधन आहे, जपून ठेवण्याचं नाही.

ब्लॉगवर टाकलेला लेख ‘तिकडे आहेच की’ असं समजू नये. ब्लॉग गूगलच्या ‘ब्लॉगर’ सेवेवर असेल तर तिच्या सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, वर्डप्रेसवर असेल तर टूल्सखाली एक्सपोर्ट आहे. मी महिन्याच्या पहिल्या तारखेला, दूधवाल्याचं बिल देतो त्याच दिवशी, ही फाइल उतरवून घेतो. वर्डप्रेसच्या त्या फाइलीत मजकूर असतो, चित्रांचे फक्त पत्ते असतात. म्हणून मूळ चित्रं वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये वेगळी ठेवा. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो या सगळ्यांत मिळून असते. १ जून २०२१ पासून टाकलेले फोटोही त्यातच मोजले जातात. जागा भरली तर पत्रंही येईनाशी होतात, म्हणून मोठ्या जोडण्यांची जुनी पत्रं अधूनमधून काढून टाका.

अजून एक गोष्ट, बोलायला अवघड आहे पण बोलतो. दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल वैयक्तिक खातं पुसून टाकू शकतं. गूगल खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने आपली काहीच हालचाल दिसली नाही तर कुणाला कळवायचं आणि त्यांना काय काय उतरवून घेता यावं, हे तिथे आपणच ठरवून ठेवतो. मी माझ्या बहिणीचं नाव दिलंय. दहा मिनिटांचं काम आहे.

मराठी टायपिंगसाठी बाहेरून काहीही उतरवून घेऊ नका. गूगल इनपुट टूल्सची विंडोजवर टाकायची आवृत्ती गूगलने कधीच मागे घेतली, तरी तिच्या प्रती अनोळखी ठिकाणी फिरत असतात. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट नावाचा मराठी कीबोर्ड मिळतो, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून उच्चाराप्रमाणे लिहायचा फोनेटिक कीबोर्डही मिळतो. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबली की भाषा बदलते. तुम्ही शिक्षिका होतात म्हणून सुचवतो, दोन आठवडे चिकाटीने इनस्क्रिप्टच शिका. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, अशी ती मांडणी वर्णमालेसारखीच लावलेली आहे. त्यात ‘दुसऱ्या’मधला र लिहायचा तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. एकदा बोटांत बसलं की सुटत नाही. लिहून हात दुखले तर गूगल डॉक्समध्ये टूल्सखाली व्हॉइस टायपिंग आहे, त्यात मराठी निवडा आणि बोला. विरामचिन्हं नंतर हाताने द्यावी लागतात, पण माझ्या आईने तिच्या पाककृती अशाच सांगून लिहून घेतल्या.

इथे एक बारीक भानगड आहे, ती मला फार उशिरा कळली. युनिकोड म्हणजे सगळे संगणक अक्षरांसाठी पाळतात ती एकच संकेतांची यादी. ‘ॲ’ हे अक्षर तिच्यात स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी अ लिहून त्यावर चंद्र देत. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. ‘दुसऱ्या’तल्या त्या र चंही तसंच, तो दोन प्रकारे लिहिता येतो. आपण स्वतःच्याच लेखात कंट्रोल-एफने शब्द शोधतो आणि समोर दिसत असून संगणक ‘नाही’ म्हणतो, ते यामुळे. एक पद्धत ठरवा आणि तीच पाळा. जुन्या मजकुरात शोधा-आणि-बदला वापरून एकदाच सगळं सारखं करून घ्या.

ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडली आहे ना, तेही बघा. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत, आणि काही फॉन्टमध्ये दोन्ही भरलेली असतात. पानाची भाषा मराठी आहे हे कळलं तरच तो फॉन्ट आपला ल दाखवतो. आणि ब्लॉगरवर मथळा निव्वळ देवनागरीत असेल तर लेखाचा पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा, असा काहीतरी बनतो. प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकमध्ये रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः द्या. नंतर बदलायला गेलात तर आधी पाठवलेले दुवे तुटतात.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, ब्लॉगला बाराशे पिक्सेल रुंदी पुरते. ‘स्क्वूश’ नावाचं गूगलचं साधन ब्राउझरमध्येच फोटो छोटा करतं, तो कुठेही पाठवत नाही. पण घरातला फोटो टाकणार असाल तर थांबा. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात घराचा ठावठिकाणा लिहिलेला असतो. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तळाला वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचा दुवा आहे. तुळशीवृंदावनाचा फोटो असो की नातवाचा, हे केल्याशिवाय टाकू नका.

बटणांच्या युक्त्या तीनच देतो, रोज लागणाऱ्या. कंट्रोल-शिफ्ट-टी केलं की चुकून बंद झालेला ब्राउझरचा टॅब परत येतो. कंट्रोल-शिफ्ट-व्हीने दुसरीकडून आणलेला मजकूर त्याच्या रंगाआकाराशिवाय चिकटतो, ब्लॉगवर अक्षरं लहानमोठी दिसण्याचा त्रास याने संपतो. आणि विंडोज-व्ही. एकदा चालू केलं की आधी कॉपी केलेल्या पंचवीस गोष्टी यादीत दिसतात. संगणक बंद केला की यादी जाते, हवं ते पिन करून ठेवा.

संगणक हळू चालतोय असं म्हणालात. फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा, याएवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करा, पक्कं बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय निघू नका, आणि जुनी डिस्क दुकानात सोडू नका, तिच्यावर तुमचं सगळं आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा संगणक विंडोज ११ च्या टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) वगैरे अटींत बसत नसेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, त्यासाठी आधीचं काही पुसावं लागत नाही.

राहिले वडिलांचे लेख. ते फाइलींत रोमन चिन्हांच्या गिचमिडीसारखे दिसत असतील तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की मागची चिन्हं उघडी पडतात. श्रीलिपी ही पुण्याचीच, त्यामुळे इथल्या जुन्या डीटीपीवाल्यांकडे अजूनही ते फॉन्ट आणि युनिकोडमध्ये बदलण्याची साधनं सापडतात. बदलण्याआधी मूळ फाइलींची अख्खी प्रत बाजूला ठेवा आणि ती कधीच उघडून सेव्ह करू नका. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी एकत्र येणारे शब्द आधी तपासा: आर्थिक, निर्मिती, धार्मिक. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, म्हणून चुका नेमक्या तिथे होतात. एका दिवसात एकच लेख घ्या, आणि छापील कात्रण असेल तर ते शेजारी ठेवून मोठ्याने वाचत तपासा.

एखाद्या फाइलीतल्या पहिल्या दोन ओळी, जशा दिसतात तशाच, इथे खाली चिकटवा. श्रीलिपीतही वेगवेगळे संच होते. तुमचा कुठला ते ओळखता येतंय का बघतो.